तुरा क्रमांक एकशे तेरा

कोणत्याही माणसाचा मोठेपणा त्याच्या हातात काहीतरी दिल्याशिवाय पुरा होत नाही. नुसतं तोंडाने चांगलं म्हटलं तर त्याला संशय येतो. शाल दिली तर ती अंगावर आहे तोवर उकडतं. नारळ घरी नेऊन फोडावा लागतो आणि फोडला की मोठेपणाची चटणी होते. मानपत्राला खिळा लागतो, आणि भिंत भाड्याची असेल तर घरमालकाची परवानगीही. या सगळ्याचा विचार करूनच पूर्वजांनी तुरा काढला असावा. वीतभर उंचीचा, मुठीत मावणारा. मध्ये एक गुलाब, भोवती निशिगंधाच्या कळ्या, कडेने मरवा, आणि खाली पांढऱ्या दोऱ्याचे सात वेढे. वजन सरासरी अडतीस ग्रॅम. इतक्या थोड्या वजनात इतका मोठेपणा दुसऱ्या कुठल्याही वस्तूत बसत नाही.

हे वजन शैलाताई टिपणिसांनी स्वतः केलं होतं. त्या चौतीस वर्षं कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झाल्या होत्या आणि मोजल्याशिवाय बोलायचं नाही ही सवय त्यांना निवृत्तीनंतरही सोडता आली नव्हती. त्यामुळे त्या फारसं बोलत नसत. अशा माणसाची संस्थांना फार गरज असते, म्हणून बडोदे गुणगौरव सभेने त्यांना कार्यकारिणीवर घेतलं होतं.

बडोद्यात मराठी माणसांच्या संस्था पुष्कळ आहेत. कुणी व्याख्यानं ठेवतं, कुणी नाटकं बसवतं, कुणी गणपती बसवतं. गुणगौरव सभेने असली लक्ष विचलित करणारी कामं स्थापनेपासूनच टाळली. सभा फक्त सत्कार करते. सत्कार व्हायचा तर माणसाने आधी काहीतरी केलेलं असावं, असा एक समज समाजात आहे. सभेने शहात्तर वर्षांत तो कधी आड येऊ दिलेला नाही. वर्षातून दोन कार्यक्रम, अकोट्याच्या एका हॉलमध्ये, संध्याकाळी पाच वाजता. घटनेच्या चौदाव्या कलमात कुणाला काय द्यायचं ते एकदाच ठरवून टाकलेलं आहे:

अध्यक्ष: हार.
प्रमुख पाहुणे: हार व तुरा.
वक्ते व गुणवंत: तुरा.
माजी पदाधिकारी: तुरा (बसल्या जागी).
ज्यांना व्यासपीठावर चढवत नाही असे ज्येष्ठ: तुरा (खाली नेऊन).
छायाचित्रकार: चहा.

गेल्या एक्केचाळीस वर्षांतला सभेचा प्रत्येक तुरा कमळाबाई साळुंक्यांनी बांधला होता. मांडवीच्या दरवाजापासून चाळीस पावलांवर, भांड्यांच्या दुकानाच्या ओट्याच्या एका टोकाला त्यांची फुलांची टोपली असे. शैलाताईंनी जुनी इतिवृत्तं काढून बेरीज केली: तीन हजार दोनशे ऐंशी तुरे. कार्यक्रमाच्या दिवशी साडेचार वाजता कमळाबाई रिक्षाने हॉलच्या मागच्या दाराशी येत, परात रखवालदार जनार्दनच्या हातात देत आणि त्याच रिक्षाने परत जात. रिक्षा थांबवून ठेवलेली असे, त्यामुळे आत डोकावण्याचा प्रश्न आला नव्हता.

यंदाच्या कार्यक्रमाला अठरा दिवस असताना शैलाताई मांडवीत मोगरा घ्यायला गेल्या, तेव्हा कमळाबाईंनी पुडी बांधता बांधता सांगून टाकलं.

"ताई, आता डोळ्याला दोरा दिसेना. तुमचा एवढा कार्यक्रम उरकते आणि करजणला लेकीकडे जाते. टेम्पो सांगून ठेवलाय. दुसऱ्याच दिवशी सकाळी."

शैलाताईंनी पुडी हातात घेतली आणि, न मोजता, बोलून गेल्या, "कमळाबाई, यंदा सभेने तुम्हाला तुरा दिला पाहिजे. मी ठराव मांडते."

"मला?" कमळाबाई खो खो हसल्या. "ओ ताई, हलवायाच्या घरी कुणी पेढे घेऊन जातं का? तुरा घेऊन मी काय करू?" मग त्यांनी सुई केसांत खोचली. "देणारच असाल तर खुर्ची द्या. हातांची. मला एकदा आत बसून बघायचंय, तुम्ही माणसं माझ्या तुऱ्याचं करता तरी काय. जनार्दन दुसऱ्या दिवशी टोपलीभर परत आणून टाकतो. म्हणतो, खुर्च्यांखाली होते, म्हशीला घाला. म्हैस मरवा खात नाही."

याचे आकडे शैलाताईंकडे होते. मागच्या कार्यक्रमात त्यांनी मोबाइलवरच्या घड्याळाने सव्वीस तुऱ्यांची वेळ घेतली होती. तुरा हातात येतो, माणूस तो नाकाच्या दिशेने नेतो (नाकाला लावत नाही), फोटो निघतो, माणूस खुर्चीवर येतो, पुढच्यासाठी टाळ्या वाजवायला दोन्ही हात लागतात म्हणून तुरा खुर्चीखाली जातो. खुर्चीवर बसल्यापासून तुरा खाली जाईपर्यंत सरासरी वेळ नऊ पूर्णांक चार सेकंद. सर्वांत जास्त चौदा. त्या गृहस्थांची पाठ धरलेली होती.

कार्यकारिणीत ठराव आला. अध्यक्ष दीनानाथराव सरकारी खात्यातून निवृत्त झालेले, आणि त्यांचे आजोबा संस्थानच्या दफ्तरात. त्यामुळे कुठलीही गोष्ट का करता येणार नाही हे त्यांना दोन पिढ्यांच्या अनुभवाने कळत असे.

"भावना उत्तम आहे, शैलाताई," ते म्हणाले. "पण प्रथा नाही. जो बांधतो त्यालाच द्यायचा? मग उद्या आचाऱ्यालाही पंगतीत बसवावं लागेल."

"बसवत नाही का आपण?" उपाध्यक्ष हंबीररावांनी विचारलं. त्यांचं घराणं लष्करातलं. घरात तीन तलवारी होत्या आणि ते कुठल्याही बैठकीत त्यांपैकी एखादी बाहेर ठेवून आल्यासारखे बसत.

"बसवतो. नंतर."

"मग कमळाबाईंना नंतर देऊ," शैलाताई म्हणाल्या. "सगळ्यांच्या शेवटी."

यात दीनानाथरावांना तत्काळ काही खोट काढता येईना. अशा वेळी सभ्य संस्था जे करते तेच त्यांनी केलं. तुरा कुणाला द्यायचा हे ठरवण्याआधी, ते म्हणाले, तुरा म्हणजे काय हे ठरवावं लागेल. तुरा शब्दार्थ उपसमिती नेमण्यात आली. सदस्य तीन: दीनानाथराव, हंबीरराव, शैलाताई. टिपणं घ्यायला जोडचिटणीस शिवांगी. वय सव्वीस, घरात मराठी, लिफ्टमध्ये गुजराती, मोबाइलवर दोन्ही.

उपसमितीच्या पाच बैठका झाल्या. (चहा: बेचाळीस कप.)

पहिल्या बैठकीत हंबीररावांनी सांगितलं की तुरा हा पागोट्यावर असतो. "आमच्या पणजोबांच्या डोक्यावर होता. हातात धरतात ती मेथीची जुडी." तेव्हा, तुरा डोक्यावरच द्यायचा झाल्यास काय होईल, याची पाहणी करण्यात आली. गेल्या वर्षीच्या ऐंशी सत्कारमूर्तींपैकी घरी पागोटं असलेले सहा निघाले. त्यांतली चार लग्नापुरती भाड्याने आणलेली आणि परत करायची राहिलेली होती. हा अर्थ 'आदरपूर्वक नोंदवून' बाजूला ठेवण्यात आला.

दुसऱ्या बैठकीत दीनानाथराव म्हणाले की दरबारच्या शिस्तीत आधी अत्तर, मग पान, मग तुरा; तोही वीतभर आणि उजव्याच हातात. याची संपूर्ण यादी आजोबांपाशी होती. ती विश्वामित्रीच्या पुरात गेली. यादी उपलब्ध नसल्याने तिला आव्हान देता येत नाही, हे सगळ्यांनी मान्य केलं.

तिसऱ्या बैठकीत कोंबड्याचा विषय निघाला. कोंबड्याच्या डोक्यावरही तुरा असतो, ही गोष्ट पागोट्याच्या इतक्या जवळ घेण्याला हंबीररावांनी हरकत घेतली. उपसमितीची हरकत जास्त मूलभूत होती. कोंबड्याला तुरा जन्मतः, कुणी न देता, भाषणाशिवाय मिळतो. असा तुरा असू शकतो ही कल्पना पसरली तर सभेला कुलूप लागेल. अर्थ फेटाळला.

चौथ्या बैठकीत शैलाताईंना विचारण्यात आलं की शास्त्राचं म्हणणं काय.

"उसालाही तुरा येतो," त्या म्हणाल्या. "शेंड्यावर, पांढरा. दिसायला फार सुंदर."

"वा!" दीनानाथराव म्हणाले. "घ्या लिहून, शिवांगी. निसर्गही सत्कार करतो."

"तुरा आला की उसाची वाढ थांबते. मग रस उतरायला लागतो आणि ऊस आतून पोकळ होत जातो. शेतकरी तुरा दिसला की तोडणीची घाई करतात."

दीनानाथरावांना आतापर्यंत अकरा तुरे मिळाले होते.

"हे लिहू नका," ते म्हणाले.

"काका, एमां एवढं शुं टेन्शन?" शिवांगीने मोबाइलवरून मान वर केली. "बुके लिहून टाकीए ने! अकोट्याला मस्त दुकान आहे. चमकता कागद लावून देतात, वर नाव पण छापतात."

"चमकता कागद लावून आमच्या गल्लीत फरसाण देतात," हंबीरराव म्हणाले, आणि तो अर्थही संपला.

पाचव्या बैठकीत, कार्यक्रमाला आठ दिवस असताना, दीनानाथरावांनी घरून लिहून आणलेली व्याख्या वाचून दाखवली: 'तुरा म्हणजे सभेने तुरा म्हणून दिलेली वस्तू.' ही व्याख्या इतकी घट्ट होती की तिच्यात सुई शिरायला जागा नव्हती. ती एकमताने मंजूर झाली.

आणि तिच्यामुळेच कमळाबाईंचा प्रश्न सुटला. तुरा सभेने दिल्यावर तुरा होतो. अर्थात देण्याआधी तो तुरा नसतो. म्हणजे कमळाबाईंनी आजवर तुरा बांधलेलाच नाही. त्यांनी फुलं बांधली, तीन हजार दोनशे ऐंशी वेळा. तुरे सभेने केले. ज्या बाईने एकही तुरा बांधलेला नाही तिला तुरा द्यायला 'बांधणाऱ्याला देण्याची प्रथा नाही' हा नियम लागू होत नाही. शैलाताईंना या तर्कात कुठेतरी काहीतरी बोचलं. पण ठराव पास होत होता. चौतीस वर्षं उत्तरपत्रिका तपासताना त्यांनी अनेकदा पाहिलं होतं की उत्तर बरोबर आलं असेल तर रीत फार बघू नये. त्यांनीही हात वर केला.

"मात्र," दीनानाथराव म्हणाले, "पंगतीच्या टोकाला वाढायचं तर मधल्या पानांना वगळून चालत नाही. कमळाबाईंना द्यायचा, तर त्यांच्याइतकं किंवा त्यांच्याहून अधिक ज्यांनी केलं, त्यांना आधी द्यायला हवा."

हे इतकं न्याय्य होतं की नावं लगेच येऊ लागली. यादी सोमवारी सतरा नावांची होती. बुधवारी एक्केचाळीस. धनाजीराव शितोळ्यांनी सत्तावीस वर्षं खुर्च्या मोजल्या होत्या, त्यांचं नाव आलं. ज्यांनी त्यांना मोजू दिल्या त्यांचीही आली. शनिवारी यादी एकशे बारावर बंद करण्यात आली, कारण हॉलमध्ये खुर्च्या एकशे वीस होत्या आणि टाळ्या वाजवायला कुणीतरी शिल्लक हवं असं छायाचित्रकाराने सुचवलं. शैलाताई सत्त्याऐंशीव्या क्रमांकावर होत्या. त्यांनी नाव काढायला सांगितलं. उपसमितीच्या सदस्याला वगळल्यास व्याख्येवर अविश्वास दिसेल, असं उत्तर मिळालं. त्यांनी दुसऱ्यांदा सांगितलं नाही.

कमळाबाई यादीत नव्हत्या. त्यांचं नाव 'विशेष सत्कार' म्हणून वेगळ्या कागदावर, नक्षीच्या चौकटीत होतं. तो मान होता.

कार्यक्रमाच्या दिवशी साडेचार वाजता रिक्षा आली. कमळाबाईंनी परात जनार्दनच्या हातात दिली. नेहमीच्या दुप्पट परात, वर ओलं फडकं. त्यांनी तीन दिवस, नातीला शेजारी बसवून, तिच्याकडून सुईत दोरा ओवून घेत, एकशे बारा तुरे बांधले होते. मग त्यांनी रिक्षा सोडून दिली. इस्त्रीचं जांभळं लुगडं नेसून त्या पुढच्या दाराने आत आल्या आणि पहिल्या रांगेत, हातांच्या खुर्चीत, शैलाताईंच्या शेजारी बसल्या. खुर्चीच्या हातांवरून त्यांनी दोन्ही तळवे एकदा फिरवले.

"छान आहे," त्या म्हणाल्या. "आता बघू."

सत्कार सुरू झाले. पहिले प्रमुख पाहुणे. मग गुणवंत. प्रत्येक जण चढला, नाकाच्या दिशेने हात नेला, फोटो निघाला, उतरला.

"खाली ठेवला," कमळाबाई हळूच म्हणाल्या.

"हो," शैलाताई म्हणाल्या.

"त्यांनीही."

"हो."

"तो गुलाब मी मुद्दाम मोठा घातला होता. ह्यांनीही खालीच."

शैलाताईंच्या हातात मोबाइल होता आणि त्यावर घड्याळ चालू होतं. ते त्यांनी बंद केलं. आकडा त्यांना पाठ होता. सत्त्याऐंशीव्या क्रमांकाला त्या वर गेल्या, तुरा घेतला, परत आल्या. कमळाबाई त्यांच्या हाताकडे बघत होत्या. शैलाताईंनी तुरा मांडीवर ठेवला आणि टाळ्या वाजवल्या नाहीत. त्या दिवशी टाळ्या तशाही दीडशेव्या मिनिटाला फक्त आठ माणसांच्या वाजत होत्या. त्यांत तीन मुलं होती आणि एक जण दुसऱ्या हॉलमधलं बारसं समजून आलेला होता.

एकशे बारा संपले. दीनानाथरावांनी घसा साफ केला.

"आणि आता, सभेच्या इतिहासात प्रथमच, विशेष सत्कार! श्रीमती कमळाबाई साळुंके!"

कमळाबाई उठल्या, पदर सारखा केला, पायऱ्या चढल्या. दीनानाथरावांनी न बघता उजवा हात बाजूला केला. परातीत नुसतं ओलं फडकं होतं.

"तुरा?" ते ध्वनिक्षेपकाला विसरून म्हणाले. 

"काका, लिस्टमध्ये एकशे बाराच होते ने!" शिवांगीचा आवाज रडवेला झाला. "मी लिस्टचा आकडा पाठवला. हे तर वेगळ्या कागदावर होतं. मला वाटलं, स्वतःचा त्या घेऊनच येतील."

सगळ्यांनाच तसं वाटलं होतं, शैलाताईंना धरून.

"मला वाटलं, माझा दुसरीकडून आणला असेल," कमळाबाई म्हणाल्या. "स्वतःचा स्वतः कोण बांधतं?"

दीनानाथराव प्रसंगावधानी होते. "सभागृहातल्या कुणी मान्यवरांनी आपला तुरा, तात्पुरता, या कार्यासाठी..."

शैलाताईंना हायसं वाटलं. एकशे बारा तुरे खोलीत होते, त्यांतले बहुतेक खुर्च्यांखाली. एकाच वेळी शंभर माणसं वाकली. खुर्च्या करकरल्या. माणसं सरळ झाली, प्रत्येकाच्या हातात तुरा होता, आणि प्रत्येकाने तो दोन्ही हातांनी छातीशी धरला.

कुणी उठलं नाही.

"मिळालेला मान सोडायची आमच्या घराण्यात रीत नाही," हंबीरराव समोर बघत म्हणाले.

"माझा पहिलाच आहे हो," मागून धनाजीराव म्हणाले. 

दीनानाथरावांच्या स्वतःच्या गळ्यात हार होता. पण चौदाव्या कलमाप्रमाणे हार फक्त अध्यक्षांना आणि पाहुण्यांना, आणि घटनादुरुस्तीला एकवीस दिवसांची सूचना लागते. त्यांनी हाराला हात लावला आणि काढून घेतला.

शैलाताईंच्या मांडीवर तुरा होता. अडतीस ग्रॅम. पायऱ्या चारच होत्या. उठायचं, चार पायऱ्या चढायच्या, द्यायचा. यात अवघड काही नव्हतं आणि त्यांना उठायचंच होतं. त्यांनी तुरा उचलला. चौतीस वर्षांत कॉलेजने त्यांना निवृत्तीच्या दिवशी फक्त एक घड्याळ दिलं होतं, तेही टपालाने. मूठ दोऱ्याच्या सात वेढ्यांवर आवळली गेली हे त्यांना आधी दिसलं आणि मग कळलं.

अकरा मिनिटं गेली. (ही वेळ भिंतीवरच्या घड्याळाची आहे.)

कमळाबाईंनी व्यासपीठावरून सगळा हॉल डावीकडून उजवीकडे नीट बघून घेतला. पहिल्या रांगेशी आल्यावर त्यांची नजर शैलाताईंच्या मुठीवर क्षणभर थांबली.

"राहू द्या, साहेब," त्या ध्वनिक्षेपकाजवळ येऊन म्हणाल्या. "एक्केचाळीस वर्षांत पहिल्यांदा कुणी धरून ठेवलाय. बरं वाटलं."

मग त्या पायऱ्या उतरल्या आणि सवयीने मागच्या दाराने गेल्या. जनार्दनने दार धरलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी जनार्दनला खुर्च्यांखाली एकही तुरा सापडला नाही. आठ वाजता टेम्पो करजणला निघाला.

वार्षिक अहवाल शैलाताईंनीच लिहिला. 'तुरा हातात धरण्याच्या सरासरी वेळेत यंदा सत्तर पट वाढ झाली. सत्कारांचं मोल समाजाला पटू लागल्याचं हे लक्षण आहे,' हे वाक्य दीनानाथरावांना फार आवडलं. सरासरी किती तुऱ्यांची, हे त्यात लिहिलेलं आहे: एकशे अकरा. एक निरीक्षण शैलाताईंनी गाळलं. ते त्यांच्या जाड वहीत, दोन टीपकागदांच्या मध्ये दाबून ठेवलेलं आहे. मरव्याचा वास अजून येतो.

आता प्रश्न उरला आहे तो एकशे तेराव्या तुऱ्याचा. तो मंजूर आहे, जाहीर झालेला आहे, पण कुणाला दिलेला नाही. म्हणजे व्याख्येप्रमाणे तो अजून झालेला नाही, आणि जागा रिकामी आहे. कमळाबाईंना कळवावं असं एकदा सुचलं होतं, पण करजणचा पत्ता कुणी घेतलेला नव्हता. दरम्यान सतरा अर्ज आले आहेत. अर्जदाराने काही केलेलं असण्याची अट नाही. कोरे अर्ज सभेच्या कचेरीत रविवार सोडून रोज दुपारी चार ते सहा मिळतात. इथवर सभेला हसत आलेल्या वाचकाने ही वेळ नुसती वाचली की लक्षात ठेवली, हे सभा कुणाला विचारत नाही.